मातीची गाडी डांबरावर येते तेव्हा

पहिल्या पावसाची पहिली काही मिनिटं सगळ्यात घातक असतात. महिनोन्‌महिने रस्त्यावर साठलेलं तेल, धूळ आणि रबराचा भुगा त्या पाण्यात कालवला जातो आणि डांबरावर साबणासारखा थर पसरतो. मला हे पाठ होतं. तरी गेल्या जूनमध्ये, ऑफिसातून घरी येताना, सिग्नलजवळच्या झेब्रा क्रॉसिंगवर मी पुढचा ब्रेक नेहमीसारखाच दाबला आणि गाडी माझ्याखालून निसटून गेली. वेग ताशी तीसच्याही आत होता. मागच्या रिक्षावाल्या काकांनी वेळेवर रिक्षा थांबवली, म्हणून डाव्या मनगटावर भागलं.

काकांनी आधी मला उठवलं, मग गाडी उचलली, मग टायरकडे बघून म्हणाले, "ताई, हे ट्रॅक्टरचे टायर कशाला लावलेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी दोनशे सीसीची, कच्च्या आणि पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेली. कंपनीचे टायर निम्मेही झिजले नव्हते. ते काढून मी तीन आठवड्यांपूर्वी नॉबी बसवले होते. नॉबी म्हणजे मोठमोठे रबरी ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद फटी असलेले, मातीत चालवायचे टायर. का बसवले? भारी दिसत होते म्हणून. त्या तीन आठवड्यांत मी माती किती तुडवली? एका रविवारी, धरणाकाठचा दोनेक किलोमीटरचा कच्चा रस्ता. बाकी सगळं घर ते ऑफिस.

हात प्लॅस्टरमध्ये असतानाच कोल्हापूरहून मामेभावाचा फोन आला. वय एकोणीस. त्याला कुणीतरी एक जुनी मोटोक्रॉस गाडी स्वस्तात देत होतं. शर्यतीची गाडी, म्हणजे हेडलाइट नाही, आरसे नाहीत, हॉर्न नाही आणि मुख्य म्हणजे कागद नाहीत. तो म्हणाला, "ताई, लाइट लावू, हॉर्न लावू, नंबर टाकू. विषय संपला. तू फक्त टायर कुठला घ्यायचा ते सांग."

टायरचं त्यानं शेवटी, सहज जाता जाता विचारलं. मलाही वाटलं, दोन ओळींत सांगून टाकू. पण एका हातानं फोन धरून वाचत बसले आणि शंभर वर्षं मागे गेले. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर.

आधी सगळीच माती होती

मोटरसायकल जन्मली तेव्हा 'ऑफरोड' असा वेगळा प्रकार नव्हता. गाव संपलं की पक्का रस्ताही संपायचा. पुढे खडी, चिखल आणि घोडागाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. हवा भरलेला टायर रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश संशोधकानं १८४५ साली पेटंट करून ठेवला होता, पण तो चालला नाही आणि लोक विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो स्वतंत्रपणे पुन्हा शोधला. त्यानंतर सायकली आणि मग मोटरसायकली हवेवर चालू लागल्या. सुरुवातीचे टायर अरुंद होते, आणि त्याच टायरवर माणसं शहरातून खेड्यात आणि खेड्यातून डोंगरात जात होती.

१९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' ही स्पर्धा पहिल्यांदा भरली. सहा दिवस वाईट रस्त्यांवरून गाडी चालवायची आणि ती किती टिकते ते बघायचं. मग २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे आणखी एक प्रयोग झाला. यॉर्कशरमध्ये 'स्कॉट ट्रायल' नावाची स्पर्धा चालायची. तीत वेगाबरोबर अवघड जागा पाय न टेकता पार करण्याचेही गुण असत. कॅम्बर्लीच्या मंडळींनी ते गुणांचं प्रकरण काढून टाकलं आणि फक्त वेळ मोजला. त्या धडपडीला नाव पडलं 'स्क्रॅम्बल'. आजच्या मोटोक्रॉसची मुळं तिथे सांगितली जातात.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. त्या काळात हौशी स्वारांकडे शर्यतीसाठी वेगळी गाडी नसायची. रोज कामाला न्यायची तीच गाडी रविवारी मैदानावर न्यायची. तिथे पोचल्यावर हेडलाइट काढायचा, जे जे तुटेल ते उतरवून ठेवायचं, चिखलात लोळायचं आणि संध्याकाळी सगळं परत लावून घरी जायचं. म्हणजे माझ्या मामेभावाला जे करायचंय त्याच्या बरोबर उलट. तेव्हा रस्त्याची गाडी काही तासांसाठी मातीची होत होती.

एका गाडीच्या दोन जाती

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते सुधारत गेले आणि खेळ अवघड होत गेला. १९५२ मध्ये ५०० सीसी गटाची युरोपीय मोटोक्रॉस स्पर्धामालिका सुरू झाली, १९५७ मध्ये तिला जागतिक दर्जा मिळाला आणि १९६२ मध्ये २५० सीसी गटालाही. याच सुमाराला जड फोर-स्ट्रोक गाड्यांच्या जागी हलक्या टू-स्ट्रोक आल्या. स्वीडनची हुस्क्वार्ना आणि चेकोस्लोव्हाकियाची सीझेड या त्यात आघाडीवर.

या गाड्यांना हेडलाइट काढून ठेवायची गरजच नव्हती, कारण तो कधी लावलेलाच नसे. बॅटरी नाही, स्पीडोमीटर नाही, साइड स्टँड नाही. एकेक ग्रॅम वाचवलेला. आणि त्यांच्याबरोबर टायरही वेगळ्या वाटेनं गेला.

नॉबी टायर काम कसं करतो ते एकदा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भुसभुशीत मातीवर रबर घासून पकड मिळत नाही, कारण वरची माती स्वतःच सरकते. म्हणून ठोकळा मातीत रुततो आणि आतल्या घट्ट थराला ढकलतो. नांगराचा फाळ रुततो तसं. ठोकळ्यांमधल्या फटी रुंद असतात, म्हणजे चिखल त्यात अडकून न बसता चाक फिरताना बाहेर फेकला जातो. हवा कमी ठेवतात, शर्यतीत साधारण १२ ते १५ पीएसआय, म्हणजे टायर दगडाला मिठी मारतो.

आता हाच टायर डांबरावर आणा. डांबरात ठोकळा रुतणार कसा? रस्त्याला टेकतं ते फक्त ठोकळ्यांचं डोकं, फटीची जागा वाया. मऊ, उंच ठोकळे ब्रेक मारल्यावर आणि वळणावर वाकतात, आणि गाडी पायाखाली वळवळल्यासारखी वाटते. वाकून वाकून ते तापतात आणि भराभर झिजतात. वळणावर गाडी कलली की मधल्या ठोकळ्यांवरून कडेच्या ठोकळ्यांवर जाताना मध्ये मोकळी जागा लागते, तिथे क्षणभर पकड सुटल्यासारखी होते. ओल्या रंगवलेल्या पट्ट्यावर तर चांगला रस्त्याचा टायरही जपून चालवावा लागतो. नॉबीवर चुकीला जागाच उरत नाही. माझ्या मनगटाची गोष्ट एवढीच होती.

ब्रिटिश लोकांना हा प्रश्न लवकर कळला होता. त्यांच्या ट्रायल स्पर्धांमध्ये एका अवघड जागेपासून दुसरीपर्यंत साध्या रस्त्यानं जावं लागे. त्यासाठी डनलॉपचा 'ट्रायल्स युनिव्हर्सल' नावाचा टायर होता. ठोकळे होते, पण बुटके आणि एकमेकांना चिकटून. मातीत बरा, डांबरावर बरा. 'दोन्हीकडे थोडं थोडं' ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

टिहुआना ते ला पाझ

ही कल्पना मोठी झाली अमेरिकेत. कॅलिफोर्नियात वाळवंट होतं, सुट्टीचा दिवस होता आणि खिशात पैसे होते. १९६२ मध्ये होंडानं सीएल ७२ ही २५० सीसीची 'स्क्रॅम्बलर' आणली. खरं तर ती रस्त्याचीच गाडी, फक्त सायलेन्सर वर उचललेला आणि हँडल रुंद केलेलं. ती किती दणकट आहे हे दाखवण्यासाठी डेव्ह इकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर हे दोघं मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात उतरले. उत्तरेच्या टिहुआनापासून दक्षिणेच्या ला पाझपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर, बहुतेक रस्ता नसलेला प्रदेश. निघाल्याची आणि पोचल्याची वेळ सिद्ध करायला त्यांनी दोन्ही टोकांच्या तार ऑफिसांतून तारा केल्या. इकिन्सला सुमारे चाळीस तास लागले. त्या प्रवासाच्या बोलबाल्यातून १९६७ मध्ये तिथे शर्यत सुरू झाली, तीच पुढे 'बाहा १०००' झाली.

१९६६ मध्ये एडिसन डाय या व्यापाऱ्यानं हुस्क्वार्नाचा विश्वविजेता टॉर्स्टन हॉलमनला अमेरिकेत आणून तिथल्या स्वारांसमोर उभं केलं. युरोपीय मोटोक्रॉस म्हणजे काय हे अमेरिकेनं डोळ्यांनी पाहिलं आणि प्रत्येकाला तशी गाडी हवी झाली. पण शर्यतीची गाडी ट्रकवर टाकून न्यावी लागते. ज्याच्याकडे ट्रक नव्हता त्याला घरापासून टेकडीपर्यंत चालवत नेता येईल अशी गाडी पाहिजे होती.

ती यामाहानं दिली. १९६८ ची डीटी-१. २५० सीसी, टू-स्ट्रोक, वजन सुमारे ११२ किलो. हेडलाइट, टेललाइट, नंबर प्लेटची जागा, सगळं कारखान्यातूनच. स्क्रॅम्बलर ही रस्त्याची गाडी मातीकडे वळवलेली होती. डीटी-१ मुळात मातीसाठी आखली आणि मग रस्त्यावर आणली. ती इतकी खपली की बाकीच्या जपानी कंपन्यांनाही तशा गाड्या काढाव्या लागल्या. १९७१ मध्ये ब्रूस ब्राउनचा 'ऑन एनी संडे' हा माहितीपट आला, त्यात अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन हौसेनं धुळीत गाडी फिरवताना दिसला, आणि वेडाला आणखी जोर चढला.

गॅरेजातले प्रयोग

कंपनीची गाडी सगळ्यांनाच पुरत नव्हती. ती जरा जड, जरा मवाळ. खऱ्या शर्यतीच्या गाडीला लाइट लावून रस्त्यावर आणण्याचा उद्योग अमेरिकेतल्या घरोघरच्या गॅरेजात सुरू झाला. मामेभावाला करायचंय तेच. म्हणून त्यात काय काय येतं ते नीट सांगते.

पहिली अडचण विजेची. मोटोक्रॉस गाडीचा मॅग्नेटो फक्त स्पार्क प्लगपुरती वीज बनवतो. दिवे लावायचे तर आतली कॉइल नव्यानं गुंडाळून घ्यावी लागते किंवा मोठी बसवावी लागते. मग बॅटरी, वायरिंग, हेडलाइट, दोन्ही ब्रेकला जोडलेला मागचा लाइट, हॉर्न, आरसे, इंडिकेटर.

दुसरी अडचण दातांची. शर्यतीच्या गाडीचे गिअर झटपट वेगासाठी असतात. हायवेवर इंजिन किंचाळत राहतं. पुढचं स्प्रॉकेट एखाद्या दातानं मोठं किंवा मागचं लहान करावं लागतं.

तिसरी अडचण दिसत नाही. रस्त्याच्या गाडीच्या मागच्या हबमध्ये कपलिंग रबर असतात, ते झटके खातात. बहुतेक शर्यतीच्या गाड्यांत ते नसतात. मातीत चाक थोडं घसरतं आणि झटका तिथेच जिरतो. डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून प्रत्येक झटका चेन आणि गिअरबॉक्सपर्यंत जातो.

चौथी इंजिनची. या गाड्यांच्या पुस्तिकेत देखभाल किलोमीटरमध्ये नसून तासांमध्ये लिहिलेली असते. इतक्या तासांनी ऑइल, इतक्या तासांनी पिस्टन. रोज तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्यानं हा हिशेब करून बघावा.

आणि पाचवी टायर. अमेरिकेत रस्त्यावरच्या टायरवर 'डीओटी' ही अक्षरं लागतात. हा टायर सरकारी मानकात बसतो असं कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करते, असा त्याचा अर्थ. शर्यतीच्या टायरवर ती अक्षरं नसतात.

कायदाही मागोमाग आला. दिव्यांसाठीचं राष्ट्रीय मानक १९६८ मध्ये लागू झालं, आणि १९७८ च्या मॉडेलपासून रस्त्यावरच्या मोटरसायकलींना धुराची मर्यादा आली. तिथे गाडीची नोंदणी राज्याकडे असते, म्हणून अॅरिझोनासारख्या राज्यात तपासणी करून रूपांतरित गाडीला नंबर मिळू शकतो, तर शेजारच्या कॅलिफोर्नियात ते दार जवळपास बंद आहे. ज्या राज्यात हे वेड वाढलं, तिथेच.

नंबर प्लेट सांभाळणारा खेळ

इथवर वाचून वाटेल की शर्यत एकीकडे आणि रस्ता दुसरीकडे. पण एका खेळानं दोन्ही सोडलं नाहीत. १९१३ च्या त्या सहा दिवसांच्या स्पर्धेचं नाव १९८१ मध्ये 'सिक्स डेज एंड्युरो' झालं. एंड्युरोत जंगलातल्या टप्प्यांच्या मध्ये सार्वजनिक रस्ता येतो, म्हणून गाडीला दिवे आणि नंबर लागतो. दाकार रॅलीतही तेच. पहिली पॅरिस-दाकार २६ डिसेंबर १९७८ ला निघाली आणि फ्रान्सचा सिरील नव्ह जिंकला तो यामाहा एक्सटी ५०० वर. ती गाडी मुळात दुकानात मिळणारी, रस्त्याची परवानगी असलेली होती. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस काढली. त्यातला जी म्हणजे जर्मनमध्ये 'गेलेंडं', कच्ची जमीन, आणि एस म्हणजे 'श्ट्रासं', रस्ता. मधली तिरपी रेघ हा सगळा इतिहास सांगते. १९८१ ची दाकार ह्युबर्ट ऑरिऑलनं बीएमडब्ल्यूवर जिंकली.

याच सुमाराला अमेरिकेत टायरच्या बाजूनं एक मजेशीर गोष्ट घडली. कोणत्या खेळाचा स्वार सगळ्यात भारी, हे ठरवायला गेव्हिन ट्रिप या आयोजकानं १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत एबीसी टीव्हीसाठी भरवली. ट्रॅकचा थोडा भाग डांबराचा, थोडा मातीचा, मध्ये उड्या. मोटोक्रॉसवाले, रस्त्यावरच्या शर्यतीतले, फ्लॅट ट्रॅकवाले सगळे एकत्र. पहिली शर्यत मोटोक्रॉसचा केंट हॉवर्टन जिंकला. टीव्हीवरचा हा प्रकार १९८५ नंतर थांबला, पण युरोपनं, विशेषतः फ्रान्सनं, तो उचलला आणि त्याचा 'सुपरमोटो' झाला.

सुपरमोटोच्या गाडीत सांगाडा आणि इंजिन मोटोक्रॉसचं, पण चाकं १७ इंची आणि त्यावर गुळगुळीत किंवा रस्त्याचे टायर. ब्रेकची डिस्क मोठी. मातीची गाडी डांबरावर आणताना सगळ्यात आधी काय बदलायचं, याचं उत्तर व्यावसायिक स्वारांनी तिथे देऊन टाकलं. त्यांनी आधी चाक आणि टायर बदलले. माझ्यासारख्या माणसानं मात्र रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे रस्त्याचे टायर काढून मातीचे लावले.

वेताळ टेकडीवरून

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना 'एआरएआय'ची भिंत माहीत असते. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. भारतात कुठलंही वाहनाचं मॉडेल विकायला येण्यापूर्वी अशा मान्यताप्राप्त संस्थेतून पास व्हावं लागतं. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, सगळं. शर्यतीची म्हणून विकलेली गाडी या चाळणीतून गेलेलीच नसते, म्हणून तिला आरटीओचा नंबर मिळत नाही. लाइट लावल्यानं ती चाळणी पार होत नाही.

मोटर वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. नंबर नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. माझी गाडी घसरत जाऊन एखाद्या शाळकरी मुलाला लागली असती, तर माझ्याकडे निदान विमा होता. मामेभावाच्या त्या गाडीकडे नसता. मामानं चाळीस वर्षं चालवलेलं किराणा दुकान विकून ती भरपाई द्यावी लागली असती.

आणि खरं सांगायचं तर आता तशी गरजही उरलेली नाही. २०११ मध्ये हीरोची १५० सीसीची इम्पल्स आली तेव्हा लोकांना कळलीच नाही, काही वर्षांत ती बंद पडली. २०१५ मध्ये बेंगळुरूचा सी. एस. संतोष दाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००. केटीएमच्या ३९० मालिकेतल्या उंच गाड्या तर आपल्या चाकणला बनतात. पुढचं चाक २१ इंची, सस्पेन्शन लांब, आणि आरसी बुक हातात. डीटी-१ नं १९६८ मध्ये जे केलं ते आपल्या रस्त्यांवर पन्नास वर्षांनी पोचलं.

टायर वाचायला शिका

मग टायर कुठला? दुकानात '५०-५०', '८०-२०' असे आकडे ऐकू येतात. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा मातीचा असं बहुतेक ठिकाणी धरतात, पण हे कुठलं सरकारी मानक नाही. कंपन्यांनी आपापल्या अंदाजानं दिलेली ती ओळख आहे. त्यापेक्षा टायरच्या बाजूवर जे कोरलेलं असतं ते वाचा.

समजा '९०/९०-२१ ५४एस' लिहिलंय. टायरची रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम २१ इंची. ५४ हा वजनाचा सांकेतिक आकडा, म्हणजे २१२ किलो. एस ही वेगाची मर्यादा, ताशी १८० किलोमीटर. एम असेल तर १३०. शेजारी चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२४. म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. स्वस्त ऑनलाइन टायर मागवताना हे चार आकडे आधी विचारा, कारण रबर न वापरताही म्हातारं होतं. आपल्याकडे आयएसआयचा शिक्का बघा. माप गाडीच्या कंपनीनं दिलेलंच ठेवा.

मग ठोकळे बघा. ते मध्यावर एकमेकांच्या जवळ आहेत का? दोन ठोकळ्यांना खालून जोडणारी रबराची पट्टी आहे का? तसं असेल तर डांबरावर ते कमी वाकतील. काँटिनेंटलच्या टीकेसी ८० सारखे टायर अशाच तडजोडीतून बनले. उंच, सुटे, दूरदूर ठोकळे दिसले तर तो मातीचा टायर, मग जाहिरात काहीही म्हणो. हवा कच्च्या रस्त्यावर कमी केली असेल तर डांबरावर येण्यापूर्वी पंक्चरच्या दुकानात थांबून पुन्हा भरा. आणि नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत.

या सगळ्याच्या आधी एक काम मात्र वहीत करावं लागतं. गेल्या तीन महिन्यांत मी कुठे कुठे गाडी चालवली ते लिहून काढलं. सुमारे अठराशे किलोमीटर झाले होते. त्यात कच्चा रस्ता चाळीसही नव्हता. माझा टायर कुठला असायला हवा हे त्या पानानंच सांगितलं. प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात मी कंपनीचे जुने टायर परत चढवले. टायरवाला हसला, म्हणाला, "मॅडम, पाऊस संपल्यावर परत येणार ना?" नॉबींची जोडी बाल्कनीत आहे. आईनं एकात पुदिना लावलाय.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगायला तासभर लागला. तो ऐकत होता असं मला वाटत नव्हतं. शेवटी मी त्याला एवढंच म्हटलं की गाडी बघायला जाशील तेव्हा टायरच्या बाजूचा फोटो काढून मला पाठव.

रविवारी दुपारी फोटो आला. चिखल पुसून काढलेला, जवळून घेतलेला. खाली त्याचा मेसेज, 'ताई हे काय लिवलंय?'

मी फोटो मोठा करून बघितला. मापाच्या खाली, बारीक उठावाच्या अक्षरांत कोरलं होतं, 'नॉट फॉर हायवे सर्व्हिस'.

तेच मराठीत लिहून पाठवलं. निळ्या टिका आल्या. बराच वेळ काहीच नाही. मग संध्याकाळी एक मेसेज आला, 'मामाच्या दोस्ताकडं छोटा हत्ती हाय. त्यात घालून ट्रॅकवर न्यायची म्हटलं तर डिझेल किती पडंल?'

मी लगेच हिशेब करायला बसले.